बॉनव्हिलच्या मिठावर गाडी नेण्याआधी
अमेरिकेतल्या युटामध्ये, बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर वेगाच्या विक्रमासाठी मोटरसायकल न्यायची असेल, तर आधी टायर बघा. मी तिथूनच सुरुवात करतो. टायर त्या वेगासाठीच बनवलेला हवा, व्हॉल्व्हची टोपी धातूची. रायडरला दोरीने जोडलेला किल स्विच हवाच: रायडर पडला की इंजिन बंद झालंच पाहिजे.

मैदान सुमारे १,२८० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, म्हणून कमी उंचीवर नीट जुळवलेला कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) इथे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त देतो. लहान जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राचा सुटा भाग, सोबत ठेवा. धाव संपताच स्पार्क प्लग काढून बघा. काळी, कोरडी काजळी दिसली तर जेट बदला.

थ्रॉटल सावकाश उघडा. ओलसर मिठावर मागचं चाक नुसतंच फिरतं, आरपीएम चढतो, वेग मात्र वाढत नाही.

एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या नियमाने दोन तासांच्या आत उलट दिशेनेही धावावं लागतं आणि सरासरी धरतात. २०१० मध्ये अमेरिकन रायडर रॉकी रॉबिन्सन यांचा ताशी ६०५.६९७ किमीचा विक्रम असाच झाला. म्हणून पहिल्याच धावेत इंजिन पिळून काढू नका. मला मात्र खरं वेड लावलं ते न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांनी: १९२० ची इंडियन स्काउट मोटरसायकल, आणि १९६७ मध्ये तिच्यावर विक्रम!

संध्याकाळी गाडी गोड्या पाण्याने धुवा, वायरिंगचे कनेक्टर उघडून पुसा. मीठ तिथेच आधी खातं.