निघोजचे रांजणखळगे नीट कसे पाहावेत

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातलं निघोज आणि पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, या दोन गावांच्या मधून कुकडी वाहते. तिथल्या काळ्या कातळात नदीनं कोरलेले खळगे म्हणजे रांजणखळगे. स्थानिक माणसं या जागेला नुसतं 'कुंड' म्हणतात. रस्ता विचारताना 'निघोज गाव' न म्हणता 'कुंडावर जायचंय' म्हणा, नाहीतर थेट गावात पोचाल आणि तिथून पुन्हा नदीकडे यावं लागेल.

पुण्याहून अंतर ९० किलोमीटरच्या आसपास. नगर रस्त्यानं वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव करत शिरूर गाठायचं आणि तिथून टाकळी हाजीमार्गे कुंड. वाघोली ते शिक्रापूर हा टप्पा सुट्टीच्या दिवशी अंत पाहतो, म्हणून सहाच्या आत पुणं सोडा. एसटीनं जाणार असाल तर शिरूर स्थानकात उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्या. ग्रामीण फेऱ्यांचा भरवसा धरू नका.

कधी जायचं हे सगळ्यात महत्त्वाचं. पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा खळगे पाण्याखाली असतात, दिसतो तो फक्त गढूळ लोंढा. डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम. पाणी उतरलेलं असतं आणि कातळही अजून फार तापत नाही. एप्रिल-मेमध्ये खळगे जास्त खोलवर उघडे पडतात खरे, पण दुपारी त्या काळ्या दगडावर उभं राहवत नाही. कुकडीवर वरच्या बाजूला माणिकडोह आणि येडगाव ही धरणं आहेत. पाणी सोडलं की इथला प्रवाह ऊन असतानाही वाढतो, म्हणून खाली उतरण्याआधी कुंडावरच्या मळगंगा देवीच्या मंदिराजवळच्या दुकानदाराला 'पाणी सुटलंय का' एवढं विचाराच.

पोचल्यावर लगेच कातळावर पळू नका. आधी झुलत्या पुलावर जा. तिथून नदीची मुख्य घळ कुठे आहे आणि तिच्या दोन्ही अंगांना खळगे कसे पसरलेत, हे एका नजरेत कळतं. मग काठाकडून घळीकडे सावकाश चालत या. हा क्रम उपयोगाचा आहे, कारण काठाच्या वरच्या भागात ताटाएवढे उथळ खळगे सापडतात, जरा पुढे कमरेइतके, आणि घळीच्या कडेला माणूस सहज बुडेल असे. एकाच खळग्याचं वय वाढताना पाहावं, तसंच हे.

हे घडतं कसं? पुराच्या पाण्यात भोवरे तयार होतात. दगडातल्या फटीत किंवा खोलगटात गोटे आणि वाळू अडकली की भोवरा त्यांना खलातल्या बत्त्यासारखा गरगर फिरवतो आणि भिंत घासली जाते. बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा हा काळा कातळ, टणक असला तरी दरवर्षी थोडा थोडा झिजतो. एखाद्या कोरड्या खळग्यात वाकून पाहा: तळाशी गुळगुळीत गोल गोटे दिसतील. भिंतीवर ओंजळभर पाणी ओता. कोरडेपणी राखाडी वाटणारा दगड काळाभोर होतो आणि लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी भरलेले पांढरे खनिजांचे ठिपके उठून दिसतात. दोन खळग्यांमधली भिंत झिजून फुटली की ते एकमेकांत मिसळतात. अशा फुटक्या, कमानीसारख्या भिंती मुद्दाम शोधा. गोटे मात्र घरी आणू नका, पुढच्या पुराची हत्यारं आहेत ती. 'आशियातले सर्वात मोठे' वगैरे बिरुदं ठिकठिकाणी छापलेली असतात, त्यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही.

आता धोका. खळग्यात पडलेला माणूस पोहता येत असूनही बुडतो. भिंत घासून काचेसारखी झालेली असते, कित्येकदा तोंडापेक्षा पोट मोठं असतं, म्हणजे हाताला धरायला काहीच नाही. शिवाय काही खळगे आतून एकमेकांना जोडलेले असतात आणि वाहत्या पाण्यात ओढ लागते. म्हणून पोहायचं नाही, एका खळग्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची नाही, हिरवट शेवाळावर पाय ठेवायचा नाही. रबरी तळव्याचे बूट घाला, चपला गाडीतच ठेवा. लहान मुलांचा हात धरून ठेवा. चारपाच जण असाल तर १५ मीटर दोरी आणि पाच लिटरचा रिकामा, घट्ट बुचाचा कॅन बरोबर असू द्या. कुणी पडलंच तर मागोमाग उडी न मारता दोरीला कॅन बांधून फेका आणि ११२ ला फोन करा.

वेळ दोन तास पुरतो. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर उन्हाची तिरपी किरणं खळग्यांच्या कडा उठवतात. भर दुपारच्या फोटोत सगळं सपाट दिसतं. माणशी दोन लिटर पाणी घ्या, कातळावर सावली नाही.

मळगंगा देवीचं स्थान कुंडावर आहे आणि निघोज गावातही. यात्रा चैत्र वद्य अष्टमीच्या सुमारास भरते. गावातल्या बारवेतून देवीची घागर वर येते, अशी श्रद्धा आहे. यात्रा पाहायची असेल तर तेव्हा जा. खळगे पाहायचे असतील तर ते दिवस टाळा, गाडी लावायलाही जागा मिळत नाही.

जोडीला रांजणगावचा महागणपती वाटेवरच आहे, किंवा पारनेर तालुक्यातलंच राळेगणसिद्धी. तिथले नाला बांध आणि पाझर तलाव पाहण्यासारखे आहेत. मोराची चिंचोली मात्र त्याच दिवशी जोडू नका. मोर दिसतात पहाटे आणि सांजवेळी, नेमक्या त्याच वेळा कुंडाला हव्या असतात.