घटसर्पापासून गुरे वाचवताना, आणि कुत्र्याच्या खोकल्याविषयी थोडेसे

घटसर्प या गुरांचा घसा सुजवणाऱ्या जीवघेण्या जंतुजन्य रोगाची लस मृग नक्षत्र लागण्याआधी, शक्यतो मेच्या मध्यापर्यंत टोचून घ्यावी, कारण जनावराच्या अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन ते तीन आठवडे लागतात आणि गोव्यात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस धरतो. पाश्चुरेला मल्टोसिडा हे या रोगाचे जंतू धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या घशातही असू शकतात. पावसात भिजून, चाऱ्याच्या टंचाईने किंवा लांबच्या प्रवासाने जनावर खचले की ते उचल खातात. गाईंपेक्षा म्हशींना हा रोग अधिक होतो आणि त्यातही तरण्या रेड्या लवकर बळी पडतात, म्हणून केवळ दुभत्या जनावरांना लस देऊन थांबू नये.

गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत पावसाची झड अडवण्यासाठी गोठ्याभोवती झावळ्या किंवा प्लास्टिक बांधतात. ते बांधावेच, परंतु छपराखाली हातभर फट मोकळी सोडावी. पहाटे आत जाऊन बसलेल्या जनावराच्या नाकाच्या उंचीला उकिडवे बसावे. तिथे आपले डोळे चुरचुरले, तर मुतापासून सुटणारा अमोनिया रात्रभर त्या जनावराच्या श्वासनलिकेत जातो आहे आणि जंतूंची वाट सोपी करतो आहे, असे समजावे.

त्याच वेळी श्वासही मोजावेत. थोडे अंतर राखून मागच्या बाजूस उभे राहून भकाळीची, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट भागाची, वर-खाली होणारी हालचाल घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पाहावी. थंड वेळी निवांत असलेल्या मोठ्या जनावराचे श्वास साधारण १५ ते ३० असतात. दुपारच्या उकाड्यात ते वाढतात, म्हणून दुपारची मोजणी फसवी ठरते. पहाटे चाळिशीच्या वर आकडा गेला, तर गुदद्वारातून ताप पाहावा. १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट ही नेहमीची पातळी असून १०४ च्या पुढे दुधाची धार काढण्यातही वेळ न घालवता पशुवैद्यकांना फोन करावा.

घटसर्पात ताप १०६ पर्यंत चढतो, तोंडातून लाळ गळते, गळ्याखाली व पोळीवर, म्हणजे तिथे लोंबणाऱ्या कातडीवर, गरम, दुखरी सूज येते आणि घशातून घरघर ऐकू येते. सूज दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, कारण लक्षणे दिसल्यापासून एका दिवसाच्या आतही जनावर दगावते. अशा वेळी मायेपोटी बांबूच्या नळ्याने काढा किंवा तेल पाजले जाते. ते मुळीच पाजू नये. सुजलेल्या घशातून गिळता येत नाही, पाजलेले सरळ फुप्फुसात उतरते आणि त्यानेच जीव जातो. आजारी जनावर वेगळे बांधावे, त्याचे पाणी व वैरण वेगळी ठेवावी आणि उरलेल्यांचा ताप दिवसातून दोनदा तपासावा, कारण नुसता ताप असतानाच प्रतिजैविकाचा गुण येतो. मेलेले जनावर ओहोळात किंवा रानात न टाकता चुना घालून खोल पुरावे.

प्रतिजैविक पशुवैद्यकांनी सांगितले तितके दिवस पूर्ण द्यावे, आणि त्या काळातले व नंतर त्यांनी सांगितलेल्या दिवसांचे दूध संस्थेच्या डब्यात ओतू नये. उरलेली इंजेक्शने पुढच्या आजारासाठी जपून ठेवण्याची सवय मला सर्वांत धोक्याची वाटते, कारण अशा अर्धवट वापराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरच्या फळीतले औषध, ज्यांचे दूध-मांस माणूस खातो अशा जनावरांना देण्यास भारतात २०१९ पासून बंदी आहे, ती याच काळजीपोटी.

घरच्या कुत्र्याला अचानक कोरडा, ठसक्याचा खोकला सुरू झाला आणि शेवटी त्याने ओकारी काढल्यासारखे केले, की आपल्याकडे माशाचा काटा अडकल्याची शंका आधी येते. काटा अडकलेला असू शकतो, म्हणून तपासणी करून घ्यावीच. परंतु तो नुकताच दुसऱ्या कुत्र्यांमध्ये राहून आला असेल, तर बोर्डेटेला जंतूंचा संसर्ग असण्याचा संभव मोठा आहे. त्याला इतर कुत्र्यांपासून दूर ठेवावे आणि गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा बांधावा. सौम्य खोकला बहुधा एक ते तीन आठवड्यांत बरा होतो; पिल्लू मात्र खाणे सोडताच त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे, कारण त्याला न्यूमोनिया लवकर होतो. हेच जंतू मांजरालाही बाधतात, आणि त्याला ताप आहे म्हणून घरातली पॅरासिटामोल कधीही देऊ नये. एका गोळीनेही मांजर मरू शकते.