गुळवेलीवरचा पतंग कसा ओळखायचा

बडोद्यात आपल्या लोकांच्या घरी कुंडीत नाहीतर कंपाउंडवर गुळवेल हमखास असते, तर पावसाळ्यात तिची पानं कुरतडलेली दिसली की लगेच औषध मारू नका प्लीज, आधी पान उलटून बघा. मखमली काळपट अळी, अंगावर बाजूला डोळ्यासारखे गोल ठिपके आणि डोकं खाली मुडपून बसलेली असेल तर ती युडोसिमा नावाच्या पतंगाची. ते डोळे खोटे असतात, पक्ष्यांना घाबरवायला, आणि खरंच इतके सुंदर असतात की बघत राहावं!

पतंग मोठा असतो, पण बसला की वाळकं पान वाटतो कारण वरचे पंख मातकट. ओळख खालच्या पंखांवर. काडीने हलकेच डिवचलं की वरचे पंख सरकतात आणि आत भडक केशरी रंग दिसतो, तेव्हा पटकन फोटो घ्या. केशरीच्या मधोमध सुटा काळा गोल ठिपका असेल तर युडोसिमा मटर्ना, आणि ठिपक्याऐवजी जाड वाकडा काळा पट्टा असेल तर युडोसिमा फॅलोनिया. दोघांची नावं स्वीडनच्या लिनियस ह्या निसर्गशास्त्रज्ञानेच दिलीत, 1767 आणि 1763 मध्ये. काठाच्या काळ्या किनारीवरून ठरवू नका, ती दोघांना असते.

लाइटपेक्षा पिकलेल्या फळाजवळ शोधा, रात्री. ह्याची सोंड टणक असते, मोसंबी-पेरूची साल भोकसून रस पितो, म्हणून बागायतदार वैतागतात ते बरोबरच आहे, पण घरच्या वेलीवर दोन-चार अळ्या राहू द्या, वेल परत फुटते.