एलएन२ (लिक्विड नायट्रोजन) वर सीपीयू लोडला हँग होत होता, थर्मल पेस्ट तडकलेली निघाली

लिक्विड नायट्रोजनवर पॉटचा (सीपीयूवर बसवलेलं, नायट्रोजन ओतायचं धातूचं भांडं) तापमान प्रोब उणे १५० अंश दाखवायचा पण बेंचमार्क लावला की हँग, आणि लोड असूनही पॉट गरमच होईना. व्होल्टेज वाढवलं, क्लॉक कमी केला, रॅम बदलली, नायट्रोजन वाया गेला, डोकं फिरलं. शेवटी पॉट उचलला तर सीपीयूची उष्णता पॉटला पोचवणारी मधली पेस्ट तडकून पापडीसारखी सुटलेली, उष्णता वर पोचतच नव्हती. मग सगळं कोरडं केलं, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) जुनी पेस्ट पुसली, अतिथंडीत टिकणारी नवी पेस्ट पूर्ण पृष्ठभागावर पातळ पसरली, समोरासमोरचे स्क्रू आलटूनपालटून कसले, उणे २० ला परत थोडे कसले, आणि हलका लोड चालू ठेवून थोडं थोडंच ओतत खाली नेलं. आता लोड आला की पॉटचं तापमान लगेच चढतं, तेच हवं होतं. खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीत नायट्रोजनमुळे ऑक्सिजन कमी होतो.