पहिल्या क्रूझवर बोट लागली, तेव्हा काय उपयोगी पडलं

जहाज खुल्या समुद्रात शिरलं आणि मला मळमळायला लागलं. माझी केबिन वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या टोकाला होती. लाटांवर जहाजाची टोकंच जास्त वरखाली होतात. केबिनमध्ये पडून राहिले की त्रास आणखी वाढायचा, कारण आतल्या कानाला हालचाल जाणवते, पण समोरच्या भिंती स्थिर दिसतात. मेंदूचा गोंधळ उडतो तो यामुळे.

मग मी खालच्या डेकवर, जहाजाच्या मधोमध, खिडकीपाशी जाऊन बसले. फोन बंद, नजर क्षितिजावर. हळूहळू घाम थांबला, कोरडी बिस्किटं पोटात राहिली. जहाजावरच्या डॉक्टरांनी मेक्लिझिनची गोळी दिली. तिने झोप येते, पण रात्र शांत गेली.

ही गोळी निघण्याच्या तासभर आधी घेतलेली बरी. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टीही असते. ती किमान 4 तास आधी लावावी लागते आणि 3 दिवस चालते. काचबिंदू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती लावूच नका.

बुकिंग करतानाच डेकचा नकाशा पाहून मधली, खालची केबिन मागा. माझ्या मते बाल्कनीपेक्षा हे महत्त्वाचं. आणि औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, कारण मोठं सामान केबिनपर्यंत पोहोचायला कधीकधी संध्याकाळ होते.