शेतात सापडलेली जुनी पर्सची फ्रेम: ओळखायची कशी, जपायची कशी

इंग्लंडातल्या भाच्याने शेतात मेटल डिटेक्टर फिरवून मातीने माखलेला दांडा काढला नि फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, की दादर ते डोंबिवली सगळ्यांचं एकच, चिंच लावून घास! अजिबात नको हां.

आधी फोटो झूम करा. मधे जाडसर गोळा, त्यावर पट्ट्याला अडकवायची फिरती कडी आणि खाली कापड शिवायला भोकं किंवा कड्या दिसल्या तर ती १५व्या-१६व्या शतकातली तांब्याच्या मिश्रधातूची पर्स-फ्रेम असू शकते, कापड तर केव्हाच कुजलेलं असतं. काहींवर प्रार्थना कोरलेली असते, 'आवे मारिया' वगैरे, माउंट मेरीच्या जत्रेला जाणाऱ्यांना ओळखीची. अक्षरांत बरेचदा नायलोचा, म्हणजे धातू नि गंधकाच्या मिश्रणाचा, काळा भराव असतो, पितांबरीने घासलं की तोच जायचा.

भाच्याला सांगा, जागेचं लोकेशन लिहून ठेव, नीट सुकव, आणि तिथल्या फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला दाखव, १९९७पासून अशा नोंदणीची स्कीम आहे तिथे. शेतमालकाची परवानगी मात्र आधीच हवी.

आणि हे बघून गावी डिटेक्टर न्यायचं डोक्यात आलं असेल तर जरा थांबा, आपल्याकडे १८७८चा कायदा आहे, जमिनीत १० रुपयांवरचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं.