जुन्या शिक्षकांचा कृतज्ञता मेळावा कसा करावा

दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला की आठवड्याभरात कुणीतरी म्हणतंच, "सरांना, बाईंना बोलवूया." हे मनात आलं की लगेच कामाला लागा. तीस वर्षांपूर्वी चाळिशीत असलेले शिक्षक आज सत्तरीच्या आसपास आहेत.

यादी. ती आठवणीवर करू नका. शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा, जुने हजेरीपट बघू द्यायची विनंती करा. जिल्हा परिषदेच्या शाळांत बदल्या होतात, त्यामुळे दोन-तीन वर्षंच शिकवून गेलेले गुरुजी हमखास राहून जातात. शिपाईमामा आणि क्लार्कही यादीत हवेतच. मैत्रिणींची आडनावं लग्नानंतर बदललेली असतात. त्यांचा पत्ता गावातल्या भावाकडे मिळेल.

तारीख. गुरुपौर्णिमा आषाढात येते, तेव्हा कोकणात भातलावणीची घाई असते. ५ सप्टेंबरला, म्हणजे १९६२ पासून साजऱ्या होणाऱ्या शिक्षक दिनाला, शाळेचाच कार्यक्रम असतो. मला विचाराल तर भाऊबीजेचा दुसरा दिवस सगळ्यांत चांगला. मुंबई-पुण्याचे गावी आलेले असतात, माहेरवाशिणीही असतात. शाळेला सुट्टी असते, म्हणून वर्ग उघडून मिळण्याची परवानगी आधीच घ्या.

आमंत्रण. फोनवर उरकू नका, दोघा-तिघांनी घरी जा. गेल्या गेल्या "ओळखलंत का सर?" असं विचारू नका. हजारो मुलं शिकवून झालेल्या माणसाला नाव आठवलं नाही की उगीच अपराधी वाटतं. आपणच नाव, वडिलांचं नाव, गाव, दहावीचं वर्ष आणि तुकडी सांगावी. धागा आपोआप लागतो. निघण्यापूर्वी पायऱ्या चढता येतात का, पथ्य काय, सोबत कोण येणार, हे घरच्यांना विचारून घ्या. न्यायला-आणायला गाडी पाठवा. जे शिक्षक आता नाहीत, त्यांच्या घरीही जा आणि घरच्यांना तितक्याच मानाने बोलवा.

पत्र. माझ्या लेखी सगळ्या खटाटोपात हेच मोलाचं. प्रत्येकाने एका शिक्षकाला हाताने पत्र लिहावं आणि त्यात एकच प्रसंग सांगावा. "तुम्ही आम्हाला घडवलंत" हे कुणालाही लिहिता येतं. "नववीत मला प्रमेय कळेना, तेव्हा शाळा सुटल्यावर तुम्ही व्हरांड्यातल्या फरशीवर खडूने त्रिकोण काढून दाखवलात" हे फक्त तुम्हालाच लिहिता येईल. अक्षर मोठं, ओळींत अंतर भरपूर.

त्या दिवशी. घंटा, प्रार्थना, प्रतिज्ञा आणि मग वर्गशिक्षकांनी घेतलेली हजेरी. बॅचमधलं कुणी आता नसेल, तर ते नाव घ्यायचं की नाही हे त्याच्या घरच्यांना आणि सरांना आधी विचारून ठरवा. शाल-श्रीफळ थोडक्यात आटपा, पुढाऱ्यांची भाषणं टाळा. खुर्च्या हात असलेल्या आणि जमिनीवरच मांडा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला स्टेजवर चढवू नये.

मग नववी-दहावीत आज शिकणारी मुलं पुढे येऊ द्या. एकेका शिक्षकाजवळ दोघं बसतील, परवानगी घेऊन मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करतील. पहिला पगार किती होता? शाळेत कसे यायचात? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तुम्हाला कुणी शिकवलं? सातारा भागात, कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत 'कमवा आणि शिका' योजनेतून शिकलेले गुरुजी भेटतील. स्वतः राबून शिक्षण कसं घेतलं, हे मुलांनी त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं.

नंतर. रेकॉर्डिंगची एक प्रत शाळेला, एक शिक्षकांच्या घरी द्या. खर्चाचा हिशेब ग्रुपवर टाका. शिल्लक रकमेतून शाळेला काय हवं, ते शाळा व्यवस्थापन समितीला विचारून घ्या. आणि कोणत्या शिक्षकांना दर महिन्याला कोण फोन करणार, ती नावं त्याच दिवशी, पांगण्यापूर्वी लिहून काढा.